जिच, स्त्री.

बातमीला ती सोयीची. दोनच अक्षरं,
एका स्तंभात मावते.
'खाणपट्ट्यात जिच कायम', 'बसमालकांची जिच फुटली'.
अकरा वर्षं पणजीच्या रात्रपाळीत
मी ती फोडली, सोडवली, पुन्हा कायम केली,
वर थंड चहा प्यायले.
एकदा डुलकीत अनुस्वार पडला: 'जिचं कायम'.
संपादक ओरडले, जिचं म्हणजे कुणाचं?

शब्द फारसी, म्हणे. आला असेल पटासकट.
बाबांनी तो शिशात हाताळलेला,
खिळे जुळवायचे ते:
आधी वेलांटी, मग ज, मग च.
आणि रविवारी संध्याकाळी रायबंदरला
केरोबिनच्या सोप्यावर, दोघांच्या मध्ये
एका घोड्याला कान नसलेला तो लाकडी डाव.

जमीन केरोबिनची. घर आमचं.
पणजोबांना कुणीतरी 'राव रे' म्हणालेलं, कागद न करता.
पुढे कायदा आला.
त्याला आम्हाला काढता येईना,
आम्हाला मागची भिंत वाढवता येईना.
एकोणीस वर्षं मामलेदाराकडे तारखा.
तारखेला दोघे एकाच बसनं जायचे,
तिकिटं आळीपाळीनं.

मी आठेक वर्षांची. विचारलं, हरलं कोण?
"कुणीच नाही," बाबा म्हणाले.
"बघ, राजाला शह नाही. कुणी अंगावर आलेलं नाही.
फक्त पाऊल टाकील तिथं मरण,
आणि पाळी त्याचीच आहे."
केरोबिन फेणीचा ग्लास खाली ठेवत म्हणाला,
"आमी ताका रेय आफोगादु म्हण्टात. राय बुडलो."
मी पट निरखून पाहिला. कोरडा होता.
समोर मांडवीला भरती,
चोडणची फेरीबोट गाड्या घेत होती.

बाबांचा एक नियम होता, कुठल्या पुस्तकात नसलेला:
जो जिच करील
त्यानंच आपली चाल मागे घ्यायची.
केरोबिनला तो कधी पटला नाही.
अर्धा तुला, अर्धा मला, देव बरें करूं.
ह्यावर ते भांडत, आवाज चढेपर्यंत.
जमिनीवर एकदाही नाही.

केरोबिन गेला, दीड वर्षानं बाबा.
परवा इव्हेत आली, त्याची धाकटी, स्विंडनहून.
वकिलाची पिशवी सोप्यावर ठेवली.
तिला विकायचंय, आम्ही असताना कुणी घेत नाही.
आम्हाला जायचं नाही, आणि छप्पर गळतंय.
हे तिनं सांगितलं, मी सांगितलं,
मग बोलायचं काही उरलं नाही, फेरीला वेळ होता,
म्हणून तिनं कपाटातून पट काढला.

एककानी घोडा होता. एक प्यादं नव्हतं,
त्या जागी मी काजूची बी ठेवली.
ती बरी खेळते. बापापेक्षा घाईनं.
तासाभरात माझा राजा कोपऱ्यात,
काजूची बी तिच्या प्याद्याला टेकून अडलेली,
आणि तिचा वजीर येऊन बसला
बरोबर घोड्याच्या उडीवर.

दोघीही बघत राहिलो.
"तुमच्यात काय म्हणतात ह्याला?"
"जिच."
तिनं दोनदा म्हणून पाहिलं, नाकातून, अनुस्वार देत:
जिचं. जिचं.
मी दुरुस्त केलं नाही.

बाबांचा नियम मात्र सांगितला.
ती हसली नाही. पिशवीकडे पाहिलं,
मागच्या भिंतीकडे पाहिलं, जिथं ओल चढलीय,
मग वजीर उचलून, बराच वेळ हवेत धरून,
एक घर मागे ठेवला.

फेरीचा भोंगा झाला.
ती उठली नाही.
पाळी अजून माझीच होती.